हिमालय ओलांडून आलेला वेताळ : मुलांना तिबेटी लोककथा सांगताना

आमच्या सोसायटीत दर शनिवारी संध्याकाळी मी मुलांना गोष्टी सांगते. पाच ते तेरा वर्षांची पंधरा-वीस पोरं, एक सतरंजी आणि कुणाच्या तरी घरून आलेला चिवड्याचा डबा, एवढाच पसारा. तिथे मी पहिली तिबेटी गोष्ट सांगितली ती साफ पडली. चार मित्रांची छोटीशी गोष्ट होती. संपल्यावर सवयीने विचारलं, "मग तात्पर्य काय?" सगळे एका सुरात म्हणाले, "मोठ्यांचा मान ठेवावा." एक जण चप्पल शोधता शोधता म्हणाला, "काकू, हे तर माहीतच होतं."

त्याचं बरोबर होतं. मोठ्यांचा मान ठेवा एवढंच सांगायला हत्ती, माकड, ससा आणि तित्तिर अशी वरात तिबेटातून कशाला आणायची? ते काम घरोघरच्या आज्या फुकटात करतात. त्यानंतरच्या काही हिवाळ्यांत चुकत-माकत जी पद्धत बसली ती इथे लिहिते आहे. शाळेतल्या बाई, ग्रंथपाल, घरी झोपताना गोष्ट सांगणारे बाबा, कुणालाही ती वापरता येईल.

आधी प्रश्न बदला

तिबेटी गोष्टींतला मोठा भाग मुळात इथूनच गेलेला आहे. आठव्या शतकापासून पुढे बौद्ध ग्रंथांची संस्कृतातून तिबेटीत भाषांतरं होत गेली. त्या वाटेने बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथा गेल्या, पंचतंत्रातले ससे-सिंह गेले, वेताळही गेला. तिथल्या मठांत, मेंढपाळांच्या तंबूत, वाळल्या शेणाच्या विस्तवाभोवती त्या शेकडो हिवाळे सांगितल्या गेल्या आणि बदलत गेल्या. दूर दिलेली लेक बऱ्याच वर्षांनी दारात उभी राहावी तशा त्या आपल्याला भेटतात. चेहरा ओळखीचा, पण लुगडं नेसायची तऱ्हा सासरची आणि बोलण्यात तिकडचे चार शब्द.

म्हणून शेवटी "काय शिकलो?" असं विचारू नका. "आपल्या गोष्टीपेक्षा यात काय बदललं? का बदललं असेल?" असं विचारा. त्या 'का'मध्ये तिथली हवा येते, जेवण येतं, तिथली माणसं कशापुढे मान तुकवतात तेही येतं. मूल्यांचं पाहायचं तर ती मुलं आपण होऊन काढतात, आणि बऱ्याचदा आपल्याला अपेक्षित नसलेली काढतात.

कोणत्या वयाला कोणती गोष्ट

पाच-सहा वर्षांच्या पोरांना 'डुबुक'ची गोष्ट द्यावी. तळ्याकाठी सहा ससे राहतात. बेलाचं एक फळ पाण्यात पडतं, डुबुक! ससे घाबरून पळत सुटतात. "काय झालं?" "डुबुक आलाय!" कोल्हा पळतो, माकड पळतं, डुक्कर, म्हैस, हत्ती, शेवटी वाघसुद्धा. मग एक सिंह वाटेत उभा राहून विचारतो, "डुबुकला पाहिलंय कुणी?" कुणीच नाही. 'पळा पळा, आभाळ पडलं' हीच गोष्ट. फरक मुलं लगेच पकडतात: आपला ससा एकटा, इथे सहा, आपल्याकडे आभाळ पडतं, इथे नुसता आवाज येतो. ही गोष्ट 'कंग्युर' या तिबेटी बौद्ध ग्रंथसंग्रहात आहे. म्हणजे पोथीत जपून ठेवलेली ती गंभीर कथा आहे, पण सतरंजीवर ती पळापळीच्या खेळासारखीच सांगावी.

त्याच वयाला बेडूक आणि वाघाची गोष्टही चालते. भुकेल्या वाघाला बेडूक म्हणतो, "मी बेडकांचा राजा. चल, नदीवरून उडी मारू." वाघ उडी मारताना बेडूक त्याचं शेपूट तोंडात धरतो आणि वाघ मागे वळताच झटक्याने त्याच्याही पुढे जाऊन पडतो. मग तोंडातून वाघाचे केस काढून थुंकतो. "हे काय?" "काल एक वाघ खाल्ला, त्याचे." वाघ जो पळतो तो थेट कोल्ह्यापाशी. कोल्हा धीर देतो, दोघं शेपटीला शेपूट बांधून परत येतात आणि बेडूक म्हणतो, "वा कोल्ह्या, माझं जेवण आणलंस!" पुढचं पोरं स्वतःच करून दाखवतात. इथे प्रश्नबिश्न काही विचारू नका.

सात-आठ वर्षांपासून चार मित्र आणि 'चंद्रासारखा कीर्तिमान'. नऊ-दहाला तिबेटी वेताळ. कुत्र्याच्या दाताची गोष्ट आणि गेसर राजाचं महाकाव्य त्याहून मोठ्यांसाठी ठेवा. गेसरच्या गायनपरंपरेची युनेस्कोने २००९ साली वारसा म्हणून नोंद केली. ते फार अवाढव्य आहे, पण हाकललेला गरीब पोरगा जोरू घोड्यांची शर्यत जिंकून राजा होतो एवढा भाग सुटा सांगता येतो.

काही गोष्टी बाजूला ठेवायच्या असतात. आखु तोन्पा हा तिबेटचा खोडकर काका. त्याला बिरबल किंवा तेनालीरामाच्या रांगेत बसवायचा मोह होतो. पण त्याच्या निम्म्याशिम्म्या गोष्टी मोठ्यांच्या बैठकीतल्या, चावट आहेत. एकूण एक आधी स्वतः वाचा, मग ठरवा. दुसरी, राजपुत्र द्रिमे कुन्देन याची. हाच आपला जातकातला विश्वंतर. त्याची कथा अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात भिंतीवर रंगवलेली आहे आणि तिबेटात ती 'ल्हामो' या गायन-नाट्याच्या प्रकारात खेळली जाते. दानशूर राजपुत्र शेवटी स्वतःची मुलंही दान करतो. मी ती एकदा आठ वर्षांच्या मुलांना सांगितली. दानाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एका मुलीने घरी जाऊन बाबांना विचारलं, "तुम्ही मला देऊन टाकाल का?" तेव्हापासून ती गोष्ट बारा वर्षांखाली बंद. अजिंठ्याची सहल ठरली असेल तर मात्र तिच्याइतकी चांगली तयारी दुसरी नाही.

मला मराठीत हाताशी आलेलं साहित्य थोडं होतं, म्हणून इंग्रजी संग्रहांवर भिस्त ठेवावी लागली. दोन जुने संग्रह उपयोगी पडतात: कॅप्टन ओकॉनर यांचा १९०६ सालचा आणि डॉ. शेल्टन यांचा १९२५ सालचा. वाचताना सांगणारा कोण हे विसरू नका. ओकॉनर १९०३-०४ च्या ब्रिटिश लष्करी मोहिमेसोबत तिबेटात गेलेले अधिकारी, शेल्टन अमेरिकन मिशनरी डॉक्टर. गोष्टी तिथल्या लोकांच्याच, पण मधली टीकाटिप्पणी पाहुण्यांची. ती गाळायला हरकत नाही.

सांगण्याआधी स्वयंपाकघर आणि कॅलेंडर

गोष्ट तीनदा वाचा, पुस्तक मिटा, आणि तीत कोण काय खातं, कुणाला कशी हाक मारतं हे एका कागदावर लिहा. संस्कृती या बारीकसारीक गोष्टींत असते आणि भाषांतरात आधी त्याच गळतात.

जेवणापासून सुरुवात करू. तिबेटी गोष्टीतला माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या पिशवीत 'त्साम्पा' असतो. इंग्रजी पुस्तकं त्याचं काहीतरी लांबलचक वर्णन करतात. आपल्याला एक शब्द पुरतो: सातूचं पीठ. सातू, म्हणजे जव, तिथल्या उंचीवर आणि थंडीत तग धरतं, म्हणून तेच मुख्य धान्य. गरम वाळूत भाजायचं, अगदी भडभुंज्यासारखं, आणि दळायचं. खाताना वाडग्यात लोणी आणि मीठ घातलेला चहा ओतून बोटांनी मळून गोळा करायचा. हे घरी करता येतं. जव आणून कढईत खमंग भाजा, मिक्सरवर बारीक करा, चाळा. कोऱ्या चहात चमचाभर लोणी आणि चिमूटभर मीठ घालून घुसळा. पिठाला चहा अगदी थोडा पुरतो. आमच्याकडे पहिल्या वेळी मी जास्त ओतला आणि पोरांनी चमच्याने लापशी खाल्ली. खारट चहा निम्म्यांनी थुंकला. हरकत नाही. "गोड का नाही?" या प्रश्नावरून ऊस कुठे उगवतो, मीठ कुठून येतं इथपर्यंत आम्ही गेलो. उत्तर तिबेटच्या पठारावरच्या खाऱ्या सरोवरांत आहे. तिथलं मीठ याकांवर, मेंढ्यांवर लादून खाली येई आणि त्या बदल्यात धान्य वर जाई.

याकवरून आठवलं, 'याकचं दूध' कधी म्हणू नका. याक हा नर. मादी 'द्री'. तिबेटी माणसाला याकचं दूध म्हणजे आपल्याला बैलाचं दूध म्हटल्यासारखं वाटतं. मुलांना हा तपशील इतका आवडतो की त्यानंतर ती मोठ्यांना पकडत फिरतात.

मग हाका. तिबेटीत मान द्यायला नावापुढे 'ला' लावतात, आपण 'जी' किंवा 'राव' लावतो तसं. आईला 'आमा-ला', वडिलांना 'पा-ला', आजीला 'मो-ला', आजोबांना 'पो-ला'. मराठीत 'ला' हा विभक्तीचा प्रत्यय असल्याने सुरुवातीला गोंधळ उडतो. "आमा-ला म्हणजे आम्हाला का?" एवढं हसून झालं की मग गोष्टीत मुलगा आजीला 'मो-ला' म्हणतो तेव्हा आदर वेगळा शिकवावा लागत नाही, तो हाकेतच असतो. मराठीत सांगताना आजीला 'अहो-जाहो' करायचं की 'अगं' म्हणायचं हा पेच पडेल. मी मुलाच्या तोंडी 'मो-ला, तुम्ही' असं ठेवते.

नावांचा खेळ तर नक्की घ्या. कित्येक तिबेटी मुलांची नावं जन्मवारावरून असतात: रविवारी न्यिमा, सोमवारी दावा, मंगळवारी मिंगमार, बुधवारी ल्हाक्पा, गुरुवारी फुर्बू, शुक्रवारी पासांग, शनिवारी पेन्पा. न्यिमा म्हणजे सूर्य, दावा म्हणजे चंद्र, मिंगमार म्हणजे मंगळ ग्रह. आपले वार आणि त्यांचे वार त्याच ग्रहांवरून! मोबाइलमध्ये जन्मतारखेचा वार शोधून दिला की अर्ध्या तासात सतरंजीवर चार पासांग आणि तीन ल्हाक्पा बसलेले असतात.

आता 'चंद्रासारखा कीर्तिमान' ही गोष्ट सांगायला वाट मोकळी झाली. एका गरिबाला सातूचं मोठं पोतं मिळतं. उंदरांपासून वाचावं म्हणून तो ते तुळईला बांधतो आणि त्याच्याखाली अंथरूण घालतो. आता धान्य विकीन, श्रीमंत होईन, लग्न होईल, मुलगा होईल, त्याचं नाव काय बरं ठेवू? तेवढ्यात खिडकीतून चंद्र दिसतो. ठरलं, 'दावा ड्राग्पा', चंद्रासारखा कीर्तिमान! तिकडे उंदीर दोरी कुरतडत असतो. पोतं पडतं आणि बापडा जागीच मरतो. मुलं ओरडतात, "शेखचिल्ली!" पंचतंत्रात सातूच्या पिठाचा घडा लाथेने फोडणारा, होऊ घातलेल्या सोमशर्म्याचा बाप आहे, तोही हाच. आता विचारा, काय बदललं? आपल्याकडे घडा फुटतो आणि माणूस पिठाने पांढरा होतो. तिकडे माणूस मरतो. का? तिबेटी गुरू ही कथा मरण कधीही येऊ शकतं हे सांगायला वापरतात. आपल्याकडे फजिती, तिकडे अनित्यता. हे सात वर्षांच्या मुलाला झेपतं का? झेपतं. शेवट गोड करून सांगितला तर मात्र त्याला फसवल्यासारखं वाटतं. आणि सोमशर्मा म्हणजे तरी काय, सोम म्हणजे चंद्रच की. हे मला एका बारा वर्षांच्या मुलीने दाखवून दिलं.

चार मित्र, दुसऱ्यांदा

पडलेली गोष्ट मी वर्षभराने पुन्हा सांगितली, या वेळी चित्रापासून. हत्तीच्या पाठीवर माकड, माकडाच्या खांद्यावर ससा, सशाच्या डोक्यावर तित्तिर, मागे फळांनी लगडलेलं झाड. 'थुन्पा पुन्शी', एकोप्याने राहणारे चार भाऊ. हे चित्र तिबेटी घरांत, मठांच्या भिंतींवर, गालिच्यांवर सर्रास दिसतं. चित्र पाच मिनिटं नुसतं पाहू द्या. "तिबेटात हत्ती असतात?" हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. नसतात. गोष्ट इथली, काशीच्या प्रदेशातल्या वनातली, आणि हत्ती तिच्यासोबत वर गेला. हत्ती कधी न पाहिलेल्या चित्रकारांनी तो पिढ्यानपिढ्या काढला. मुलांना पुन्हा चित्र पाहायला सांगा. हत्तीचे डोळे, पाय जरा गमतीदार निघतात.

मग गोष्ट. आपल्यात मोठं कोण, असा चौघांना प्रश्न पडतो. वडाच्या झाडाकडे बोट दाखवून हत्ती म्हणतो, "मी लहान होतो तेव्हा हे माझ्या उंचीएवढं होतं." माकड म्हणतं, "मी लहानपणी याचे शेंडे बसल्या बसल्या खायचो." ससा म्हणतो, "याला दोनच पानं होती, त्यांवरचं दव मी चाटायचो." तित्तिर शेवटी हळूच म्हणतो, "फळ मी खाल्लं होतं. माझ्या विष्ठेतलं बी इथे पडलं, त्याचं हे झाड." तिथे थांबा. पोरं 'ई' करून हसतात. हसून झालं की चौघांना वयाच्या क्रमाने एकमेकांवर चढवा.

पहिल्या वेळी मी इथेच संपवलं होतं. विनयग्रंथातली, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातली, तिबेटी कथा पुढे जाते आणि खरी मजा पुढेच आहे. चौघं नीट वागू लागतात, त्यांचं पाहून इतर प्राणीही. राज्यात पाऊस वेळेवर पडतो, पीक येतं. राजाला वाटतं माझ्यामुळे, राणीला वाटतं माझ्यामुळे, मंत्र्यांना वाटतं आमच्यामुळे. शेवटी एक ऋषी सांगतो, तुमच्यापैकी कुणामुळेच नाही, रानातल्या त्या चार जनावरांमुळे. हा भाग पोरांना राजा, राणी, मंत्री करून वठवायला द्या. आमच्या मंत्र्याने तर उद्घाटनाची फीत कापून दाखवली.

पालीतल्या तित्तिर जातकात तीनच प्राणी आहेत, ससा नाही. तो तिबेटात गेलेल्या उत्तरेकडच्या परंपरेत आहे. मोठ्या मुलांना दोन्ही सांगा आणि विचारा, ससा कशाला हवा होता? "माकडाच्या डोक्यावर एकदम पक्षी बरा दिसत नाही" इथपासून "झाडाचं वय मधे एक पायरी चुकत होतं" इथपर्यंत उत्तरं येतात. बरोबर उत्तर माझ्याकडेही नाही आणि ते तसंच राहू द्यावं.

वेताळ

हा सगळ्यांत मोठा खजिना, म्हणून याला सलग चार-पाच बैठका द्या. एकीत उरकू नका.

पहिल्या बैठकीत आपली वेताळपंचविशी आठवून घ्या: विक्रम, स्मशान, झाड, खांद्यावरचं प्रेत, गोष्ट आणि तो कोंडीत पकडणारा प्रश्न. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, बोललास तर मी परत जाईन. मगच सांगा की हा वेताळ हिमालय ओलांडून गेला आणि तिथे त्याला नवी चौकट मिळाली. तिकडे तिला 'रो-ड्रुंग' म्हणतात, रो म्हणजे प्रेत, ड्रुंग म्हणजे गोष्ट. काही पोथ्यांत तेरा गोष्टी आहेत, काहींत एकवीस, आणि तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात.

दुसऱ्या बैठकीत चौकट. सात जादूगार भावांकडे एक मुलगा विद्या शिकायला राहतो, ते त्याला काही शिकवत नाहीत. धाकटा भाऊ त्याला भेटायला येतो आणि दाराच्या फटीतून एका रात्रीत सगळी विद्या चोरतो. पुढे जादूगार या धाकट्याच्या मागे लागतात. तो रूपं बदलत पळतो, तेही बदलत मागे. तो कबुतर होतो तर हे सात ससाणे. कबुतर गुहेत बसलेल्या बौद्ध तत्त्वज्ञ आचार्य नागार्जुनांच्या आश्रयाला येतं आणि त्यांच्या जपमाळेतला मणी होतं. जादूगार माळ मागायला येतात. मणी विखुरतात, जादूगार कोंबड्या होऊन टिपू लागतात, तेवढ्यात मुलगा माणूस होऊन सातही कोंबड्या मारून टाकतो. आणि जमिनीवर सात माणसांची प्रेतं पडलेली असतात.

इथे आवाज खाली आणा. आपल्या बहुतेक गोष्टींत दुष्ट मेला की टाळ्या. इथे आचार्य म्हणतात, तू सात जीव घेतलेस, याची भरपाई तुला करावी लागेल. दूरच्या स्मशानात एक सिद्धप्रेत आहे, कमरेवर नीलमण्यासारखं, कमरेखाली सोन्याचं. ते आणलंस तर लोकांचं दैन्य जाईल. फक्त वाटेत एक शब्दही बोलायचा नाही. स्मशानात पुष्कळ प्रेतं "मला ने, मला ने" म्हणतील. जे "मला नको" म्हणत झाडावर चढेल तेच खरं. मुलगा झाड तोडायला कुऱ्हाड उगारतो आणि प्रेत म्हणतं, झाड नको तोडूस, मीच उतरतो.

विक्रम निघतो तो दिलेल्या शब्दासाठी. हा मुलगा निघतो तो घेतलेल्या जिवांसाठी. एवढा एक फरक फळ्यावर लिहिला तरी बैठक सार्थकी लागते. नागार्जुनांचा जन्म तिबेटी परंपरा विदर्भातला मानते, हेही सांगा. नागपूरच्या पोरांना एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं होतं.

तिसऱ्या बैठकीत प्रेताची एक गोष्ट. मी सहा मित्रांची सांगते: श्रीमंताचा मुलगा, ज्योतिषी, लोहार, चितारी, वैद्य आणि सुतार. सहा जण सहा वाटांनी जाताना प्रत्येकी एक झाड लावतात. ज्याचं झाड वाळेल तो संकटात. श्रीमंताच्या मुलाचं झाड वाळतं. एका राजाने त्याला मारून त्याची बायको पळवलेली असते. ज्योतिषी गणिताने जागा शोधतो, लोहार वरचा खडक फोडतो, वैद्य त्याला जिवंत करतो, सुतार लाकडी पक्षी बनवतो, चितारी तो रंगवतो आणि त्यात बसून श्रीमंताचा मुलगा बायकोला सोडवून आणतो. मग सहाही जण भांडतात, ही माझ्यामुळे मिळाली, म्हणून माझी. प्रत्येक जण तिला आपल्याकडे ओढतो आणि त्या ओढाताणीत ती मरते.

"अरेरे, बिचारी!" मुलगा बोलून जातो. प्रेत सुटतं आणि परत स्मशानात.

पाहा, इथे वेताळाने प्रश्नच विचारला नाही. विक्रम बोलतो तो न्याय करण्यासाठी, डोकं वापरून. हा मुलगा बोलतो तो कधी नवल वाटून, कधी हळहळून. राजाला त्याचं शहाणपण बोलायला लावतं, या पोराला त्याचं काळीज. हे मी मुलांना आयतं सांगत नाही. "राजा का बोलला? हा का बोलला?" एवढंच विचारते. धाकट्यांसाठी गोष्ट भांडणापाशी थांबवते, दहाच्या पुढच्यांना पूर्ण सांगते. एकदा अकरा वर्षांची एक मुलगी रागाने म्हणाली, "तिला कुणी विचारलंच नाही कोणाबरोबर राहायचंय ते!" त्या संध्याकाळी मी पुढचं काही घेतलं नाही. तासभर पोरं त्यावरच भांडत होती.

चौथ्या बैठकीत खेळ. दप्तरात उशी कोंबा, तेच प्रेत. एक मूल दप्तर पाठीवर घेऊन अंगणात हळू चालेल, दुसरं मागून चालत स्वतः रचलेली गोष्ट सांगेल. दप्तरवाल्याच्या तोंडून हसू, 'अय्या', 'मग?' काहीही निघालं की प्रेत सुटलं, गडी बदलायचे. विनोदी गोष्टींनी पोरं लवकर फुटतात हे खरं, पण सगळ्यांत जास्त वेळा 'मग?' निघतं. गोष्ट कुठे थांबवायची हे यातून मुलं जसं शिकतात तसं मी कितीही समजावून सांगितलं तरी शिकली नसती. लाजऱ्या मुलांना आधी दप्तर द्या, गोष्टीची पाळी नंतर.

ज्या गोष्टीला एक उत्तर नाही ती

म्हातारी आई व्यापारी मुलाला सांगते, भारतात जातोस तर बुद्धाचा एखादा अवशेष आण. तो दोनदा विसरतो. तिसऱ्यांदा आई म्हणते, या वेळी आणला नाहीस तर तुझ्यासमोर प्राण सोडीन. घराजवळ आल्यावर त्याला आठवतं. रस्त्यात कुत्र्याची कवटी पडलेली असते. तो एक दात उपटतो, रेशमात गुंडाळतो, "हा बुद्धाचा दात." आई भक्तीने पूजा करते आणि त्या दातातून खरोखरच मोत्यांसारखे पवित्र कण निघू लागतात. भक्ती असेल तर कुत्र्याचा दातही उजळतो, अशी तिबेटी म्हण यावरूनच आहे.

आपण लगेच म्हणतो, भाव तिथे देव. नामदेवाच्या हातचं जेवणारा विठ्ठलही आठवतो. पण नामदेवाला कुणी फसवलेलं नव्हतं. मुलं नेमकी तिथेच अडतात: तो खोटं बोलला, त्याचं काय? आईला कळलं असतं तर? खोली दोन बाजूंत वाटा, कोपऱ्यात उभं राहून बोलू द्या, मधेच बाजू बदलायला परवानगी ठेवा. आणि तुम्ही मत देऊ नका. मला हे फार जड जातं.

जपायच्या काही गोष्टी

तिबेट म्हणजे हवेत तरंगणारे लामा आणि सदा हसरी माणसं, असं चित्र उभं करू नका. त्या गोष्टींत लबाड व्यापारी आहेत, आळशी जावई आहेत, भोंदू साधूही आहेत. मंत्र छापलेल्या पताका सजावट म्हणून आणल्यात तर त्या जमिनीवर पडू देऊ नका, पायदळी तर नकोच. त्यापेक्षा निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा या क्रमाने कागद कापून मुलांना स्वतःची चित्रं काढू द्या. रंग आकाश, वारा, अग्नी, पाणी आणि पृथ्वीचे. सोंग काढून 'तसं' बोलणं पहिल्याच दिवशी बंद करा. पूर्वेकडच्या चेहऱ्याच्या माणसांना रस्त्यात काय काय ऐकून घ्यावं लागतं हे मोठ्या मुलांना माहीत असतं, ती स्वतःहून बोलतात.

"मग तिबेटी लोक इथे भारतात का राहतात?" हा प्रश्न येणारच. टाळू नका, लांबवूही नका. १९५० मध्ये चिनी सैन्य तिबेटात शिरलं. १९५९ च्या मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा डोंगर ओलांडून भारतात आले आणि पाठोपाठ हजारो लोक. रस्त्यांच्या कामांवर राबणाऱ्या आई-बापांची मुलं आजारी पडत होती, म्हणून मे १९६० मध्ये धरमशालेत ५१ मुलांना घेऊन एक बालगृह सुरू झालं. त्याचंच पुढे तिबेटी बालग्राम झालं. त्या मुलांनी घरून काय आणलं असेल, असं विचारून पाहा. भांडी नाहीत, गालिचे नाहीत. ऐकलेल्या गोष्टींपाशी मुलं स्वतःच येतात.

मग माणसांकडे जा

महाराष्ट्रात तिबेटी वसाहत आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या बाजूला गोठणगावजवळ 'नोरग्येलिंग' १९७२ पासून आहे. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून तिबेटी लोक अजूनही तिला 'भंडारा' म्हणतात. धानाच्या मुलखात, बर्फापासून हजार कोस दूर. जायचं असेल तर आधी कळवून, परवानगी घेऊन जा. ते प्रेक्षणीय स्थळ नाही, लोकांची घरं आहेत.

त्याहून जवळचा रस्ता म्हणजे हिवाळ्यात शहराशहरांत लागणारे तिबेटी लोकांचे स्वेटरचे बाजार. (माल बहुतेक लुधियानाचा असतो, 'तिबेटी लोकर' शोधू नका.) गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुपारी दोन-तीनला धंदा मंद असतो. आधी एक मफलर तरी घ्या. "ताशी देलेक" म्हणायला मुलांना शिकवून न्या, निघताना "थुक्जेछे", म्हणजे आभार. आणि मुलांनी गोष्ट मागू नये, सांगावी.

आमच्यातल्या एका मुलाने एका दुकानातल्या आजींना चार मित्रांची गोष्ट हिंदीत सांगितली, हातवारे करून. त्यांनी विणकाम बाजूला ठेवून ऐकली. हत्ती, माकड, ससा, पक्षी, सगळं झाल्यावर म्हणाल्या, "अच्छा है. पर मेरी मो-ला दूसरा बोलती थी." त्यांच्या मो-लाच्या गोष्टीत चौघं झाड वाटून घेत होते: बी पक्ष्याने आणलं, खत माकडाने घातलं, पाणी सशाने, राखण हत्तीने, आणि फळ उंच गेल्यावर काढायचं कसं म्हणून चौघं एकमेकांवर चढले. त्यात मोठं कोण हा प्रश्नच नव्हता.

परत येताना रिक्षात पोरांचं एकच चाललं होतं, खरी कोणती? घरी आल्यावर आम्ही वहीचं नवं पान उघडलं, डावीकडे पोथीतली गोष्ट लिहिली, उजवीकडे मो-लाची. मधे रेघ मारली आणि खाली बरीच जागा मोकळी सोडली आहे. पुढच्या हिवाळ्यात आणखी दोन दुकानांत विचारायचं ठरलंय.